बंक की बाथरूम

फॉर्मवर सतरा प्रश्न होते. त्यांतल्या सोळांची उत्तरं लोवेलने शिसपेन्सिलीने भरून टाकली होती. बाहेरचा रंग पांढरा, गाद्या तपकिरी, खिडक्यांना जाळ्या, शेगडी दोन बर्नरची, फ्रिज त्यांच्याकडचा सगळ्यात छोटा. सतरावा प्रश्न त्याने बायकोसाठी मोकळा ठेवला होता. पुढच्या भागात काय हवं, असा तो प्रश्न होता आणि समोर दोन चौकोन होते. एक बंकचा, म्हणजे एकावर एक झोपायच्या दोन फळ्या. दुसरा बाथरूमचा.

तेरा फुटांच्या ट्रेलरमध्ये, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायच्या त्या चाकांवरच्या खोलीत, दोन्ही मावत नाही. मागे टेबल आणि दोन बाकं. रात्री टेबल खाली पाडलं की तोच नवरा-बायकोचा पलंग. मधे एका माणसाला उभं राहता येईल एवढी जमीन, एका बाजूला शेगडी, दुसऱ्या बाजूला कपाट. आणि पुढे जी काय हात-दोन हात जागा उरते तिथे एक तर तिसरा माणूस झोपणार, नाहीतर संडास होणार.

तिसरा माणूस कोण, हे घरात कुणी बोललं नव्हतं आणि बोलायची गरजही नव्हती. लोवेलचा थोरला भाऊ ओरिन चोवीस उन्हाळे त्यांच्याबरोबर तळ्यावर येत होता. ऑगस्टचा पहिला आठवडा, तेच तळं, तीच सात नंबरची जागा, शेजारी शेजारी दोन तंबू. आई गेली त्या वर्षी लोवेल त्याला म्हणाला होता, "एकटा बसून काय करणारेस, चल आमच्याबरोबर," आणि ओरिन आला तो येतच राहिला. लग्न त्याने केलं नाही. आमच्या भागात शेतावरचे असे पुष्कळ जण बिनलग्नाचेच राहून जातात. मुलीला नाचाला न्यायचं म्हणून अंघोळ करून तयार होतात आणि नेमकी तेव्हाच गाय विते.

गेल्या ऑगस्टात मात्र ओरिनला तंबूतून उठता येईना. एकाहत्तर वर्षांचे गुडघे, आणि खाली रात्रभर ओली जमीन. लोवेलने एक बगल धरली, त्याच्या बायकोने, आर्डिसने, दुसरी, आणि दोघांनी मिळून त्याला बाहेर ओढून बाकावर बसवला. "पुढच्या वर्षी क्रेन आणा," ओरिन म्हणाला आणि हसला, पण हसताना त्याने कुणाकडे बघितलं नाही. त्या आठवड्याच्या शेवटी लोवेलने ट्रेलरचा विषय काढला. आपलीही वयं झाली, असं काहीतरी म्हणाला.

लोवेलने तीस वर्षं जिल्ह्याच्या रस्त्यांवरचा बर्फ काढला होता. निवृत्तीनंतर त्याच्या अंगातली सगळी शिस्त जायला जागा शोधत होती, ती या ट्रेलरवर जाऊन बसली. त्यांची गाडी लहान, चार सिलिंडरची. दोन हजार पाउंडांपुढे ओढू नका असं तिच्या पुस्तकातच छापलेलं. तेव्हा लाकडी सांगाड्याचे मोठे ट्रेलर त्याने पाहिलेसुद्धा नाहीत. त्याला हवा होता तो फायबरग्लासचा, अंड्यासारखा गोल. खालचं एक कवच, वरचं एक कवच, मधोमध एकच सांधा. सांधे कमी म्हणून गळायची भीती कमी, आणि वजनाला हलका. तरी त्याचा भरवसा नव्हता. स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याने तवा तोलला, कॉफीची किटली तोलली, आर्डिसच्या सपाता तोलल्या, आणि सगळं वहीत लिहून काढलं.

"मी उभी राहू का काट्यावर?" आर्डिसने विचारलं.

"तू गाडीत बसणार. तुझं वजन वेगळ्या पानावर आहे," लोवेल म्हणाला. आणि मग वहीतून डोकं वर न काढताच म्हणाला, "ओरिनला विचारून ये ना. फळी हवी का ते. नीट विचार."

नीट विचार म्हणजे काय, हे आमच्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. इथे पहिलं 'नको' ही नुसती रीत असते. वडीचा शेवटचा तुकडा असो की बर्फातून घरी सोडायचं असो, माणूस आधी नको म्हणणार. दुसऱ्यांदा विचारलं की उगाच तुम्हाला त्रास, म्हणणार. तिसऱ्यांदा विचारलं की, बरं, आता एवढं म्हणताच आहात तर, असं करून टोपी उचलणार. पहिल्या नकारावर जो गप्प बसतो त्याला मुळात द्यायचंच नव्हतं, हे देणाऱ्यालाही कळतं आणि घेणाऱ्यालाही. परमुलखातून आलेली एखादी सून फसते कधी, आणि मग वर्षभर तिच्याकडे कुणी जेवत नाही. पण आर्डिस इथलीच होती. तिला ती सबब नव्हती.

सप्टेंबरातल्या एका दुपारी ती सफरचंदाच्या वड्यांचं ताट घेऊन ओरिनच्या शेतावर गेली. जमीन त्याने कधीच खंडाने दिली होती, पण घरात तोच राहायचा. त्याने कॉफी ठेवली. टेबलावरचं वर्तमानपत्र बाजूला सारून तिच्यासाठी जागा केली.

"आम्ही तो ट्रेलर घेतोय," ती म्हणाली.

"ऐकलं. लोवेल रोज फोन करून वजनं सांगतो. तुझ्या सपातांचंही सांगितलं."

"त्याचं काय ऐकतोस." तिने कप हातात धरला. "तर म्हटलं, तुला विचारावं. पुढे झोपायला फळी करून घेता येते. यायचंय का तुला?"

"छे, मला कशाला," ओरिन म्हणाला. "तुम्ही दोघं जा की आता. माझं काय."

अगदी बरोबर तेच तो म्हणाला, जे कुठल्याही शहाण्या माणसाने म्हणायला हवं. आता तिची पाळी होती.

"बरं मग," आर्डिस म्हणाली.

ओरिनने तिच्या भरलेल्या कपात आणखी थोडी कॉफी ओतली. ती काठाला आली. "त्यांच्या पुस्तकात दोन्ही तऱ्हा असतात म्हणे," तो म्हणाला. दुसऱ्यांदा विचारायचं दार त्याने तिच्यासाठी आणखी थोडं उघडं करून ठेवलं होतं, एवढंच.

"हो, असतात," ती म्हणाली आणि उभी राहिली.

तो तिला सोडायला गाडीपर्यंत आला. एक हात गाडीच्या टपावर ठेवून उभा राहिला, यंदा पानं लवकर पिवळी पडताहेत असं म्हणाला, शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल काही म्हणाला. आर्डिसने किल्ली फिरवली तेव्हा त्याने हात काढून घेतला.

तिला जे हवं होतं ते काही फार मोठं नव्हतं. ओरिन पहाटे पाचला उठायचा. आधी खोकायचा, मग किटली आपटायचा, मग तंबूच्या कापडाला तोंड लावून विचारायचा, "उठलास का रे?" आणि सदुसष्ट वर्षांचा तिचा नवरा शाळकरी पोरासारखा अंथरुणातून उडी मारून मासे धरायला पळायचा. चोवीस वर्षं. तळ्यावरची एकसुद्धा सकाळ अशी नव्हती की दोघं उशिरापर्यंत पडून आहेत, बाहेर झाडांत वारा आहे आणि कुणी कुणाला हाक मारत नाही. तिला ती सकाळ हवी होती. आता फळ्या केल्या तर कापडाची भिंतसुद्धा राहणार नव्हती. ओरिनचं घोरणं त्यांच्या पायांपासून चार फुटांवर येणार होतं. वयपरत्वे रात्री दोनदा उठावं लागतं, संडास अंधारात दोनशे पावलांवर, त्या वाटेवर अस्वलं, हेही सगळं खरंच होतं. घरी पोचेपर्यंत तिने ते स्वतःला चार वेळा सांगितलं.

पण मनात चोर होता तो होताच. अकरा वर्षांपूर्वी तिच्या छातीतली गाठ काढली तेव्हा सहा आठवडे रोज शहराच्या इस्पितळात किरणांसाठी जायचं होतं. नव्वद मैल जाणं, नव्वद मैल येणं. भर हिवाळा, लोवेल बर्फाच्या गाडीवर. तेव्हा ओरिनने तिला नेलं. ती दारातून बाहेर पडायच्या आधी अर्धा तास तो गाडी गरम करून ठेवायचा. इस्पितळात टोपी मांडीवर ठेवून भिंतीकडे बघत बसायचा. कशी आहेस, असं त्याने एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर ती रडली असती, आणि ते त्याला कळत होतं. अशा माणसाला तिने वाटेला लावलं होतं, तेही दोन शब्दांत.

"काय म्हणाला?" लोवेलने विचारलं.

"नको म्हणाला."

"तीनदा?"

"तीनदा."

लोवेलने पेन्सिलीचं टोक बघितलं. "बरं," म्हणाला. आर्डिसने शाईचा पेन घेतला आणि बाथरूमच्या चौकोनात खूण केली. बाथरूमचे नव्वद पाउंड वाढत होते, वर पाण्याची टाकी, आणि सगळं पुढच्या टोकाला, थेट गाडीच्या हुकावर. ज्याने सपाता तोलल्या तो आता काहीतरी बोलेल म्हणून ती थांबली होती. तो काही बोलला नाही. त्याने फॉर्मची घडी घातली, पाकिटात सरकवली, आणि दुसऱ्या दिवशी आर्डिस ते पाकीट टपालात टाकून आली.

कारखान्याच्या यादीत त्यांच्यापुढे बरीच नावं होती. ट्रेलर मे महिन्यात मिळणार होता. तोवर हिवाळा होता, आणि आमचा हिवाळा म्हणजे माणसाला स्वतःबरोबर कोंडून ठेवायला केलेली सोय.

ओरिन दर रविवारी चर्चनंतर जेवायला यायचा, तसा येत राहिला. ट्रेलरबद्दल मात्र त्याने चकार शब्द काढला नाही. लोवेलनेही त्याला वजनं सांगायचं बंद केलं. दोघं भाऊ हवामानावर बोलायचे, आणि ते संपलं की कालच्या हवामानावर. आर्डिस ओरिनच्या ताटात वाढत सुटायची. बटाटा घे, ती म्हणायची, घे ना, घे रे, अर्धा तरी घे, एवढा लहान तर आहे. पाच-पाच वेळा. ओरिन दुसऱ्याच वेळेला ताट पुढे करायचा. बटाट्याला तिची जीभ इतकी वळत होती आणि सप्टेंबरात त्याच जिभेला काय धाड भरली होती, हे तिचं तिलाच विचारावंसं वाटे. रात्री तिला झोप लागायची, पण सकाळी जाग येताच सगळ्यात आधी ओरिनचा तो गाडीच्या टपावरचा हात आठवायचा. तिला स्वतःची लाज वाटत होती. साधी, सरळ लाज.

मार्चमध्ये ओरिनला ताप आला. सोमवारी ती त्याच्याकडे बटाटा-खिम्याचं भांडं घेऊन गेली. तो बैठकीच्या खुर्चीत शालीत गुंडाळून बसला होता, आणि आवाज पार बसलेला.

"मागच्या खोलीत आणखी एक पांघरूण आहे," तो म्हणाला. "आणतेस का? नाहीतर राहू दे."

"आणते," ती म्हणाली आणि गेली.

मागच्या खोलीत सुतारकामाचे दोन लाकडी घोडे होते. त्यांच्यावर प्लायवुडची एक फळी टाकलेली, माणूस जेमतेम मावेल एवढी अरुंद. फळीच्या बाहेरच्या कडेला पट्टी ठोकलेली. तिच्यावर ओरिनची तळ्यावर न्यायची झोपायची पिशवी नीट पसरलेली. आणि त्या फळीच्या वर, बसलं तर डोकं लागेल इतक्या उंचीवर, छताच्या आकड्यांना दोरांनी बांधून दुसरी फळी टांगलेली. खिडकीत कारखान्याचं माहितीपुस्तक होतं, बंकच्या पानावर उघडून ठेवलेलं. त्या पानावर पेन्सिलीने लांबी आणि रुंदी इंचांत लिहिली होती. उन्हाने कागदाची कड पिवळी पडली होती.

आर्डिस पांघरूण छातीशी धरून तिथे उभी राहिली. मग बाहेर आली आणि ते त्याच्या गुडघ्यांवर घातलं.

"ते काढायचं राहिलंय," ओरिन म्हणाला. "ऑगस्टात लावलं होतं. सहा फूट एक इंचाचा माणूस मावतो का ते बघत होतो. कूस बदलताना आधी पडायचो. मग जमलं."

"केव्हा जमलं?"

"जमलं की आठ-दहा दिवसांत." तो खोकला. "खिमा गरम आहे का अजून?"

तिने त्याला वाढलं, भांडी घासली आणि घरी आली. मंगळवारी सकाळी लोवेल दुकानात गेला तेव्हा तिने कारखान्यात फोन लावला. ऑर्डरी सांभाळणारी बाई बोलायला चांगली होती. त्यांचं कवच कालच साच्यातून निघालं, म्हणाली, अगदी सुरेख आलंय. पुढचा भाग बदलायचा तर बदलता येईल, पण गुरुवारी दुपारच्या आत सांगा. गुरुवारी दुपारी बाथरूमसाठी तळाला भोक पाडतात. ते पडलं की मग काही करता यायचं नाही.

"मी घरी विचारून सांगते," आर्डिस म्हणाली.

दुपारी लोवेल सूप पीत असताना ती त्याच्यासमोर बसली. तिने स्वतःसाठी वाढून घेतलं नव्हतं.

"मी ओरिनला तीनदा नव्हतं विचारलं," ती म्हणाली. "एकदाच विचारलं. तो नको म्हणाला आणि मी उठून आले. तुला खोटं सांगितलं."

लोवेलने चमचा खाली ठेवला. "माहितेय," तो म्हणाला.

"ओरिन बोलला?"

"ओरिन कसला बोलतोय."

"मग?"

"तू अर्ध्या तासात परत आलीस, आर्डिस. ओरिनकडे नुसतं निघतो निघतो म्हणण्यातच तेवढा वेळ जातो."

"सप्टेंबरपासून माहितेय तुला? मग बोलला का नाहीस?"

लोवेल सुपात बघत होता. "बाथरूमचे नव्वद पाउंड वाढतात," तो म्हणाला. "हुकावर येतात. मी त्यावर तरी काही बोललो का?"

तिला कळायला थोडा वेळ लागला.

"मीच जायला हवं होतं," लोवेल म्हणाला. "भाऊ माझा. पण मी गेलो असतो तर मला तीनदा विचारावंच लागलं असतं. माझ्याच्याने एकदा विचारून उठवलं नसतं. म्हणून तुला पाठवलं."

"मी विचारणार नाही हे धरून?"

"विचारलं असतंस तर आणला असता त्याला. मी काही तक्रार केली नसती. पण नाही विचारलंस तर..." त्याने ते वाक्य तिथेच सोडलं. "मलाही एकदा तळ्यावर उशिरापर्यंत झोपायचंय, आर्डिस. चोवीस वर्षं मी पाचला उठतोय."

हे ऐकून खरं म्हणजे तिला हसू यायला हवं होतं. इतकी वर्षं ज्याच्या उडी मारून पळण्याचा तिला राग यायचा तो मनातून तिच्याच बाजूचा निघाला होता. पण तिला आला तो संताप.

"सहा महिने मी हे एकटीने पोटात ठेवलं," ती म्हणाली. "सकाळी उठले की लाज, रविवारी तो आला की लाज. आणि तू इथे समोर बसून सूप पीत होतास."

"हो," लोवेल म्हणाला.

"त्याने मागच्या खोलीत फळी टाकलीये. फळीवर झोपायची सवय करून घेतली त्याने. वर दुसरी टांगलीये, डोकं न आपटता उठायची सवय व्हावी म्हणून."

लोवेलचं तोंड वेडंवाकडं झालं. त्याने खिडकीकडे मान वळवली. "गुरुवारपर्यंत बदलता येतं," आर्डिस म्हणाली. "उद्या आपण दोघं जाऊ आणि त्याला विचारू."

"मी नाही त्याच्यासमोर उभा राहू शकत," लोवेल म्हणाला. "आज नाही, उद्याही नाही. तू जा. काय सांगायचं ते सांग. माझंही सांग हवं तर."

बुधवारी ती एकटी गेली. ओरिनचा ताप उतरला होता. त्याने दाढी केली होती आणि तो स्वयंपाकघरात बसून चाकूला धार लावत होता. ती कोट न काढताच बसली. आधी हवामानावर बोलायला हवं होतं, पण ती बोलली नाही, आणि ओरिनने चाकू खाली ठेवला.

"मी सप्टेंबरात आले तेव्हा तुला एकदाच विचारलं," ती म्हणाली.

"हो."

"मुद्दाम. तुझं नको म्हणजे नको नाही हे मला ठाऊक होतं. मला तू यायला नको होतास. तू वाईट म्हणून नाही. मला लोवेलबरोबर एकटीला जायचं होतं. ज्या माणसाने मला हिवाळाभर इस्पितळात नेलं त्याच्याशी मी असं वागले. मला माफ कर."

ओरिनचे कान लाल झाले. आमच्याकडे कुणी असं समोर बसून बोलत नाही, आणि बोललं तर ऐकणाऱ्याने कुठे बघायचं हे कुणी शिकवलेलं नाही. त्याने टेबलावरची मिठाची कुपी सरळ केली.

"त्याचं काय एवढं," तो म्हणाला.

"ट्रेलर अजून बदलता येतो. उद्या दुपारपर्यंत. म्हणून आता विचारते. आमच्याबरोबर चल."

"नको, आर्डिस."

"चल ना."

"नको गं."

"ओरिन, तिसऱ्यांदा विचारतेय. मनापासून विचारतेय. चल."

"नको," ओरिन म्हणाला. आवाज शांत होता. "हे खरं नको आहे. तू ती फळी पाहिलीस म्हणून विचारतेस. मी आलो तर रोज सकाळी खोकताना मला वाटेल की आता हे दोघं आत पडून माझं खोकणं ऐकताहेत. त्यात काय मजा." त्याने कुपी पुन्हा जागेवर ठेवली. "सप्टेंबरात दुसऱ्यांदा विचारलं असतंस तरी हो म्हणणार होतो. तिसऱ्यापर्यंत ताणणार नव्हतो."

आर्डिसला रडू आलं. तिने ते थांबवायचा प्रयत्न केला नाही. ओरिन उठला, गुडघ्यावर हात दाबत ओट्याशी गेला आणि तिच्यासाठी कागदी रुमालांचा अख्खा गुंडाळा घेऊन आला. तिचं आवरेपर्यंत तो तिथेच उभा होता. मग नळापाशी जाऊन, तिच्याकडे पाठ करून त्याने विचारलं.

"लोवेलला ठाऊक होतं का?"

ते त्याने सहज विचारल्यासारखं केलं, पण नळ धरलेला त्याचा हात हलत नव्हता. सगळ्या हिवाळ्याचं दुखणं हेच होतं, तिला कळलं. फळीचं नव्हतं, तळ्याचं नव्हतं, तिचंही फारसं नव्हतं. भावजय काय, लग्न होऊन घरात आलेली. तिला कंटाळा येऊ शकतो. भावाला येऊ शकतो का, एवढंच तो सहा महिने त्या रिकाम्या घरात स्वतःला विचारत होता. माझंही सांग हवं तर, असं लोवेल म्हणालाच होता. सांगितलं असतं तर तिच्यावरचं अर्धं ओझं तिथल्या तिथे उतरलं असतं, आणि ते खरंही असतं.

"नाही," आर्डिस म्हणाली. "मी त्याला सांगितलं, तीनदा विचारलं म्हणून. त्याला वाटतं तूच नको म्हणालास."

"तीनदा?"

"तीनदा. त्याला वाईट वाटलं. तुला वाटत असेल त्यानेच मला पाठवलं, पण तसं नाही. मीच आले होते."

ओरिन वळला. त्याच्या खांद्यांना हिवाळाभर आलेला ताठा गेला, आणि तो खुर्चीत असा बसला की खुर्ची करकरली. "मग ठीक आहे," तो म्हणाला. "मला आपलं उगाच वाटत होतं." त्याने तिच्या कपात कॉफी ओतली, स्वतःला ओतून घेतली, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदाच विचारलं की तो ट्रेलर येणार कधी, आणि पाण्याची टाकी धरून त्याचं वजन नक्की किती भरतं, कारण लोवेलने ते त्याला अजून सांगितलं नव्हतं.